बोकडावरचा आळ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बोरीच्या सार्वजनिक वाचनालयाचे सर्वेसर्वा माननीय आबासाहेब. हातातलं घड्याळ आत्तापासूनच माझ्याकडं वळवून बसलेले सूत्रसंचालक महारुद्र सर. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय आणि ज्यांना हे अजिबात आवडलेलं नाही, त्या आपल्या ग्रंथपाल नर्मदाबाई. समोर बसलेले शनिवारच्या बैठकीतले माझे वाचक सोबती. आणि मागच्या रांगांत भज्यांच्या वासावर आलेले, कधीच काही न वाचणारे बंधू-भगिनी, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

सरांनी मला पाच मिनिटं दिलीत. सर, चिठ्ठी पाठवायची तसदी घेऊ नका. मी कंडक्टर बाई आहे, बेल माझ्या हातात असते.

आत्ताच अध्यक्ष म्हणाले की, बाईंच्या एवढ्या वर्षांच्या सेवेत वाचनालयातल्या एकाही पुस्तकाच्या एकाही पानाला धक्का लागला नाही. केवढ्या टाळ्या पडल्या! मी बी वाजवल्या. पण बाईंनी वाजवल्या नाहीत, हे कुणी बघितलं का? बाई पदराच्या टोकाशी चाळा करीत खाली बघायल्या होत्या. त्याचं कारण मला ठाऊक आहे, आणि तेच सांगायला मी उभी राहिले आहे. बाई, आता डोळे वटारून काही उपयोग नाही. तुमी आजपासून निवृत्त आहात.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आधी शनिवारच्या बैठकीबद्दल सांगते. आमच्याकडं दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात सतरंजी पडते. ज्यानं त्यानं नुकतीच वाचलेली कादंबरी कशी वाटली ते सांगायचं. बाईंचे कायदे दोनच. पहिला, 'छान आहे' म्हणायचं नाही. "छान शेंगदाण्याची चटणीबी असते, पुस्तकाचं बोला," असं बाई म्हणायच्या. महारुद्र सर पहिल्याच शनिवारी म्हणाले, "या कादंबरीत जीवनाचं विदारक दर्शन घडतं." बाई म्हणाल्या, "दर्शन झालं सर, आता बाजूला सरका, मागं रांग हाय." सर, हसा की. सगळेच हसायलेत.

आणि आमचे वाचक तरी कसे? भुजंगचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. तो पुस्तक हातावर तोलून घेतो, हलकं असलं की परत ठेवतो. एकदा असाच एक राजे-महाराजांचा ठोकळा वाचून आला आणि म्हणाला, "घोडे लय हायती. एकाला बी कुणी पाणी पाजलेलं न्हाई." सुगंधामावशी शेळ्या चारता चारता बांधावर बसून, ओळीवर बोट ठेवून वाचतात. एका गाजलेल्या कौटुंबिक कादंबरीवर त्यांनी एकाच वाक्यात निकाल दिला होता: "सासू लय चांगली दाखवलीया, लेखक बिनलग्नाचा असंल." आबासाहेबांबद्दलही सांगायला हवं. वाचनालयाच्या एकाही पुस्तकाचं त्यांच्या हातून कधी नुकसान झालं नाही. त्यांनी उघडलंच नाही तर होणार कसं?

दुसरा कायदा महत्त्वाचा. शेवट सांगायचा नाही. पुस्तकाची प्रत एकच, आणि मागं वाट बघणारे सगळे समोरच बसलेले. शेवट फोडला की साऱ्या बैठकीला भजी आणि चहा त्याच्याकडून. त्यामुळं आमची सगळी भांडणं कादंबरीच्या मध्यापर्यंतचीच. शेवट आला की जो तो नुसता मान हलवायचा आणि म्हणायचा, "शेवट मात्र... जाऊ द्या, वाचा तुमीच."

आणि पुस्तकाच्या बाबतीत बाई कशा? जहाल! पान दुमडलेलं दिसलं की दुमडणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढायच्या. भुजंग बोटाला थुंकी लावून पान उलटायला लागला तेव्हा बाईंनी त्याच्या हातावर फुटपट्टी मारली होती. दोन लेकरांचा बाप, पण मुकाट्यानं हात धुऊन आला. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता माझी गोष्ट. गावाला ठाऊकच आहे, पण गावाला ठाऊक असलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांत जरा फरक असतो. लग्नानंतर मी माहेरी परत आले होते. नवरा चार माणसांत लय गोड बोलायचा आणि घरात गेलं की हात उचलायचा. मी आले तेव्हा आई गप, बाप गप. मग मला परत धाडायचं ठरवण्यासाठी आमच्या ओसरीवर माणसं बसणार होती. त्या माणसांत आबासाहेब होते. आबासाहेब, तुमी म्हणाला होतात, "पोरी, जुळवून घे, घर मोडायला अक्कल लागत न्हाई." मी विसरलेली नाही. आज तुमच्या शेजारी उभं राहून बोलायली आहे, त्यावरून समजा की मी तेवढं तरी जुळवून घेतलं.

ती माणसं बसायच्या आधी मी वाचनालयात जाऊन नुसती बसायची. वाचायला नाही हो, घरात बसवत नव्हतं म्हणून. खरं सांगायचं तर मला लय भीती वाटायची. परत गेले तर काय होईल ते माहीत होतं. नाही गेले तर काय, ते माहीत नव्हतं. एक दिवस बाईंनी काही न बोलता एक कादंबरी माझ्यापुढं सरकवली. नाव सांगत नाही, लेखक हयात असला तर बिचाऱ्याला झोप लागायची नाही. त्यात कुमुद नावाची बाई असते, तिचा संसार माझ्यासारखाच. वाचताना मला वाटायचं, हा माणूस आमच्या न्हाणीत लपून बसला होता की काय! शेवटी कुमुद घर सोडून स्टेशनवर येते. आणि शेवटची ओळ अशी: 'गाडीची शिट्टी झाली. कुमुदनं पेटी उचलली.'

पुस्तक खलास. मी ती ओळ किती वेळा वाचली ते विचारू नका. पेटी उचलली म्हणजे बाई गाडीत बसली, त्यात काय शंका? मी पुस्तक मिटलं आणि ओसरीवर माणसं बसली तेव्हा सांगून टाकलं, "मी जायची न्हाई. तुमाला लय वाटत असंल तर तुमी जाऊन नांदा."

पुढं जो काही तमाशा झाला तो झाला. पण त्याच आठवड्यात बाईंनी पेपरातलं एक कात्रण माझ्या हातावर ठेवलं. कंडक्टरच्या भरतीची जाहिरात होती. बाईंच्या टेबलाच्या खणात कात्रणं कापायचं ब्लेड असतं, त्यानं कापलेलं, कडा कशा एकदम सरळ. फॉर्म भरला, परीक्षा दिली आणि आज जिंतूर-परभणी गाडीत रोज शंभर माणसांना "पाऊल उचला, पुढं सरका" म्हणून ओरडते. जिनं एकदा स्वतःचं पाऊल उचललं, तिला दुसऱ्यांवर ओरडायचा हक्क मिळतोच की.

मग ती कादंबरी बैठकीत फिरली. जो वाचायचा तो शेवटापाशी येऊन मान हलवायचा. सर तर म्हणाले, "लेखकानं फार सूचक जागी थांबवलंय." मग एका शनिवारी भुजंगच्या तोंडून निसटलं, "पण कुमुद मुंबईला गेल्यावर तिला काम लगेच लागलं असंल का?"

सुगंधामावशी ताडकन म्हणाल्या, "कुठली मुंबई? ती पुण्याला भावाकडं गेली!"

सर म्हणाले, "अहो, काय बोलायलात? तिनं रुळावर जीव दिला. मला तर त्या रात्री जेवण गेलं नाही."

म्हणजे बघा, पेटी उचललेल्या बाईला ह्या माणसांनी आपापल्या सोयीनं कुठं कुठं पोचवलं होतं! भांडण पेटलं. पुस्तक मागवलं, मागून उघडलं, तर शिलाईपाशी पानांच्या नुसत्या पट्ट्या. शेवटची पानं गायब! न वाचलेल्या शेवटाचं आम्ही सगळ्यांनी इतके दिवस कौतुक केलं होतं. ज्या कायद्यानं शेवट सांगायचा नाही, त्याच कायद्यानं शेवटच नसल्याचं कुणाला कळलं नाही.

सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. बाई शांत. म्हणाल्या, "सुगंधाबाईच्या बोकडानं खाल्ली असतील. परवा आत शिरला होता की."

तो बोकड खरंच आत शिरला होता आणि त्यानं एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ फस्त केलं होतं. त्यामुळं साऱ्यांना पटलं. मावशीनं बोकडाला भर बैठकीत शिव्या घातल्या आणि दंड म्हणून स्वतः भजी खाऊ घातली. तो बोकड आता या जगात नाही. त्याचं पुढं काय झालं, ते समोर बसलेल्या काही जणांच्या पोटाला विचारा. पण बिचारा चोरीचा आळ डोक्यावर घेऊन गेला, हे मला सांगायचंय.

कारण परवा काय झालं ऐका. माझ्या गाडीत एक ताई बसल्या होत्या, झरीचं तिकीट. मांडीवर तीच कादंबरी! मी म्हटलं, "ताई, पाया पडते, शेवटची पानं तेवढी वाचू द्या." त्यांना वाटलं, कंडक्टर बाई खुळी झाली. मी दांड्याला टेकून वाचायला लागले. शिट्टी झाली, कुमुदनं पेटी उचलली, आणि पान उलटलं तर नवरा पळत पळत स्टेशनवर! हात जोडतोय, रडतोय. आणि कुमुद काय करते? पेटी खाली ठेवते! त्याच्या मागून घरी जाते! शेवटच्या पानावर ती सासूसाठी चहा टाकायलीय, आणि पुढं लिहिलंय, 'तिच्या डोळ्यांत समाधान होतं.'

समाधान! अहो, हा लेखक कधी माझ्या गाडीत चढला तर मी त्याला उभा नेईन, आणि फाट्यावर उतरवीन. मी त्या पानात अशी अडकले की झरी आलेली कळलीच नाही. ताई ओरडल्या, मागून आणखी दोघं ओरडले, ड्रायव्हर आश्रुबा म्हणाले, "दैवशाला, बेल दे की गं!" आणि मी तिथंच हातात पुस्तक घेऊन रडायला लागले. कारण मला एवढंच दिसायलं होतं की ओसरीवर माणसं बसायच्या आधी मी ही पानं वाचली असती, तर मी बी पेटी खाली ठेवली असती. मी तेव्हा तेवढीच कच्ची होते. कुणीतरी मला 'जा' नाहीतर 'जाऊ नको' म्हणावं, याची मी वाट बघत होते. आणि मी परत गेले असते तर आज तुमच्यापुढं उभी राहिले असते की भिंतीवर हार घातलेल्या फोटोत असते, हे मला नक्की सांगता येणार नाही.

ड्युटी संपल्यावर मी वाचनालयात आले. बाई जेवायला गेल्या होत्या. कपाटातनं आपली प्रत काढली आणि शिलाईपाशी बोट फिरवलं. पट्ट्यांच्या कडा एकदम सरळ. माझ्याजवळ जपून ठेवलेल्या त्या कात्रणासारख्या सरळ.

नर्मदाबाई, सगळ्या सभेपुढं विचारते. बोकड ब्लेडनं खातो का?

बघा बघा, हसायल्या! सर, माईक जरा बाईंकडं द्या. बोला बाई. काय म्हणालात? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगते. बाई म्हणायल्यात, "लेखकाचं चुकलं होतं. पुस्तकं दुरुस्त करायचं काम ग्रंथपालाकडंच असतंय."

वाजवा टाळ्या! आबासाहेब, तुमी बी वाजवा. पानाला धक्का लागला नाही म्हणून मघाशी वाजवल्या होत्या, आता लागला म्हणून वाजवा.

बाई, पान दुमडलं तर जीव कासावीस व्हायचा तुमचा. तुमी पुस्तकाला ब्लेड लावलं, तेव्हा तुमचा हात कसा चालला असंल? आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाही. तुमी उद्या लेकाकडं पुण्याला जाणार. शनिवारी सतरंजी पडंल, भुजंग ठोकळे तोलंल, सर दर्शन घडवतील, पण तुमची खुर्ची रिकामी दिसली की मला लय वाईट वाटणार आहे. आईनं जे केलं नाही ते तुमी केलंत. हे सगळ्यांपुढं बोलायचं मी राहू देणार नाही.

बरं, आता आभार. वाचनालय समितीचे आभार, मंडपवाल्याचे आभार, भजी तळणाऱ्या मंडळींचे विशेष आभार. सुगंधामावशी, तुमच्या बोकडाची मी या व्यासपीठावरून जाहीर क्षमा मागते, तो निर्दोष होता.

बाई, समितीनं तुमाला शाल आणि नारळ दिला. माझ्याकडून ही एवढीशी भेट. उघडा, सगळ्यांना दाखवा. होय, ब्लेडचं पाकीट आहे. पुण्यात पुस्तकं लय आहेत आणि पोरी बी लय आहेत.

वेळ संपली, सर उभे राहिलेत. माझ्या बोलण्यात काही वावगं आलं असंल, कुणा मोठ्या माणसाचा मान राहिला नसंल, तर बाई, तेवढं पान तुमी कापून टाका.