लतीफा मॅडमचा जेवणाचा डबा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती लतीफा मॅडम, प्रयोगशाळेतील त्यांचे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून दारात उभं राहून संयोजकांचा उद्धार करणाऱ्या बंधु-भगिनींनो,

मी दिगंबर. केनवडचा. पेशानं मास्तर, सध्या निलंबित. निरोप समारंभात बोलण्याची मला जुनी खोड. ‘सेवा, त्याग, समर्पण’ हे शब्द मी आजवर अशा अशा लोकांना वाहिले आहेत, की त्यांतले निम्मे कधी वेळेवर कामावर आले नव्हते. हसू नका, मॅडम त्यांतल्या नाहीत. आजच्या वक्त्यांच्या यादीतून संयोजकांनी माझं नाव दोनदा खोडलं. मॅडमनी ते पुन्हा लिहिलं, आणि मला बजावलं, “जे झालं ते सांगा सर. मले फुलं नका वाहू.”

तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी, सोयाबीनच्या हंगामात, माझा धाकटा भाऊ विनोद पोती ट्रॅक्टरवर चढवून घरी आला. बायकोनं, नितानं, त्याला ताक दिलं. तांब्या खाली ठेवला आणि तो उंबऱ्यातच कोसळला. तोंडाला फेस आला. एकतीस वर्षांचा गडी, पाच मिनिटांत संपला. आदल्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण झालेलं. कोणत्या घरात होत नाही? पण मला तेवढं पुरलं. विष घातलं, असा निकाल मी तिथंच लावला.

मी तिला वेणीला धरून अंगणात ओढलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. “भाऊजी, तेच ताक मीबी पेली हो!” ती ओरडत होती. तिनं हात आडवा घातला, तो मोडला. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तरी मी थांबलो नाही. आणि मी पाचवीच्या वर्गाला अहिंसा शिकवत होतो, अध्यक्ष महोदय.

सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झालं. विषाचा तपास करायचा तर अवयव मिठाच्या पाण्यात ठेवतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. आजार शोधायचा तर मात्र फॉर्मालिन, म्हणजे अवयव कुजू न देणारं रसायन लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला मास्तर मी! एवढा तरुण माणूस अचानक गेला, म्हणून डॉक्टरांनी हृदय वेगळं काढून तिथल्याच प्रयोगशाळेत मॅडमकडे दिलं होतं. त्या ते फॉर्मालिनच्या बरणीत ठेवताना मला दिसल्या. मी दार ढकलून आत घुसलो. “सगळं मिठात टाका! विष धुऊन काढता काय?”

“सर, विषासाठी बाकी सारं मिठात ठेवलं न आमी,” मॅडम म्हणाल्या. “हे मिठात घातलं, त तुमचा भाऊ काहून मेला ते कोनालेच समजनार नाई.”

मी बरणी हिसकावली आणि त्यांच्या हातावर फोडली. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. माझ्या सख्ख्या भावाचं हृदय फरशीवर पडलं, आणि ते मी पायानं लोटलं. हो, पायानं. मॅडमनी आपला जेवणाचा डबा उपडा केला, भाकर-पिठलं जमिनीवर, आणि रक्ताळल्या हातानं हृदय उचलून डब्यात ठेवलं. वर फॉर्मालिन ओतलं, झाकण लावलं, आणि डबा पोटाशी धरून खाली बसल्या. मी त्यांच्या पाठीत लाथा घातल्या. पोलिसांनी मला ओढून नेईपर्यंत त्यांनी डबा सोडला नाही.

पुढं त्या हृदयाच्या तुकड्याचे केसासारखे पातळ काप काढून काचपट्ट्या केल्या गेल्या. इथल्या डॉक्टरांना खात्री होईना. मॅडमनी हट्ट धरला, तेव्हा पट्ट्या मुंबईला, फक्त हृदयच तपासणाऱ्या एका तज्ज्ञाकडे गेल्या. उत्तर आलं. मिठात ठेवलेल्या अवयवांतही विष निघालं नव्हतं. हृदयाची भिंत दुप्पट जाड झालेली, स्नायूंचे धागे वेडेवाकडे गुंतलेले. जन्मजात आजार. शेवटी लिहिलं होतं: रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी तातडीनं करावी. माझ्या तक्रारीवरून निता मोडक्या हातानं एकेचाळीस दिवस कोठडीत होती. ती सुटली.

मी जामिनावर होतो. तपासणी करून घ्या, असं पत्र माझ्याही घरी आलं, आणि मी ते फाडलं. डब्यातल्या हृदयाचा काय भरवसा, असं म्हणालो. मग मॅडम एसटीनं केनवडला आल्या.

“पत्र कुठी हाय?”

“फाडलं.”

त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. डाव्या हाताची होती, उजवा गळ्यात अडकवलेला. “तुमची मंजू शर्यतीत धावते न? तिचंबी असंच असन त? तिचंबी डब्यात पाठवाचं हाय काय?”

माझी मंजू तेव्हा पंधरा वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन अकोला गाठलं. तोच आजार निघाला. धावणं बंद झालं, गळ्याच्या हाडाखाली हृदय अडखळलं तर झटका देणारं यंत्र बसलं. गेल्या श्रावणात ती भांडी घासताना पडली आणि यंत्रानं आतून धक्का दिला. “बाबा, छातीत बैलानं लाथ मारली,” म्हणत उठून बसली. तिच्या आईनं तिला धरलं. मला जागचं हलता आलं नाही. मी रडत होतो.

मग मी रिसोडला, निताच्या माहेरी गेलो. पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

“माफी कायले मांगता? माहा हात वाकडाच जुळला. काय केलं ते कोर्टात सांगा.”

उद्या वाशीमच्या कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतात, नाकारा. साक्षीदार फुटतील, नोकरी वाचेल. म्हणून आज एवढ्या माणसांसमोर बोललो, म्हणजे उद्या माझी जीभ फिरली तर तुम्ही सगळे साक्षीला याल.

लतीफा मॅडम, माझी मुलगी जिवंत आहे. आपले आभार मानतो. अध्यक्षांनी वेळेची घंटा वाजवली नाही, त्यांचेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. हातानं जे केलं, ते मात्र कोणीही पोटात घालू नका. नमस्कार.