वाळूच्या वादळात दिवे

वादळाचा प्रोफेसर गाडीत बसला की वादळ लाजून येत नाही, असं मी देवधर सरांना चिडवत होतो, आणि तेवढ्यात आलंच ते. सर युनिव्हर्सिटीत वाऱ्यावादळांचाच अभ्यास करतात. सौदीत माझ्या टॅक्सीतून त्यांना जेद्दाहून इकॉनॉमिक सिटी नावाच्या नव्या शहरात नेत होतो. वाळूत बोनेटसुद्धा दिसेना, म्हणून गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवून चारी इंडिकेटर लावले.

"चाचा, सगळे दिवे बंद करा. ब्रेकवरचा पायही काढा."

"सर, मी चौथी नापास, पण अंधारात दिवा लावतात एवढं कळतं मला."

"मागचा ट्रेलरवाला तुमचा दिवा चालत्या गाडीचा समजेल आणि त्या दिव्यामागे रस्ता सोडून येऊन आपल्यालाच ठोकेल. पाय काढा."

आवाज असा होता की मी निमूट सगळं विझवलं. मागून हॉर्न जवळ जवळ येत गेला, आमची गाडी गदागदा हलली आणि ट्रेलर रस्त्यावरूनच पुढे निघून गेला.

माझी जीभ कुठली गप्प बसतेय. "सर, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"वाचलं नाही. एकदा मीच दिवे लावून थांबलो होतो," सर म्हणाले. "तेव्हापासून गाडी चालवत नाही."