रायफलीला नावं ठेवायला जागा नाही

नाही हो, रायफलीला काही म्हणू नका! जो येतो तो सुपाचा रिकामा वाडगा हातात घेऊन आधी तेच विचारतो, ‘काय एन्सिओ, नव्या रायफलीने दगा दिला म्हणे?’ कुणी सांगितलं दगा दिला? रायफल उत्तम आहे, रायफलीला नावं ठेवायला जागा नाही! आणि जरा हळू बोला, ज्याने ती बनवली तो माझा जावई तिकडे पाव वाढतोय… बसा, बसा इथे, शिकारीच्या मेजवानीचं सूप व्हायला अजून अवकाश आहे. कालेर्वो मघापासून येतोय, पातेलं ढवळतोय आणि तोंड न उघडता जातोय, म्हणजे मांस कच्चं आहे. शिजलं असतं तर निदान ‘हं’ म्हणाला असता. आमच्या शिकार मंडळाचा म्होरक्या हा! ह्याने मान हलवली की अख्खं गाव बंदुका घेऊन दलदलीत उभं राहतं, आणि हा माणूस वर्षाकाठी दोन शब्द खर्च करतो. आणि तुम्हाला सांगतो, यंदाचे दोन्ही त्याने माझ्यावर खर्च केले!

आता तुम्ही म्हणाल, ह्या एन्सिओला बोलायला फार लागतं. लागतंच! अहो, अख्ख्या गावात मी एकटा बोलतो, बाकीचे ऐकतात… म्हणजे ऐकतात असं मी धरून चालतो, कारण विचारलं तर सांगायला कोण तोंड उघडतंय? तर कालेर्वोचे ते दोन शब्द. त्यासाठी आधी माझी जागा सांगायला हवी. दलदलीच्या कडेला तो मोठा धोंडा आहे ना, ती माझी जागा. माझी म्हणजे माझ्या वडिलांची. वडील त्या धोंड्याला पाठ टेकून उभे राहायचे, समोरून हाकाऱ्यांनी हाकललेला मूस यायचा, एक गोळी, संपलं. दर साल! गावात लोक दुसरं काही बोलत नसले तरी ‘धोंड्यावर कोण?’ एवढं विचारायचे. वडील गेले, धोंडा माझ्याकडे आला. आणि गेल्या दोन मोसमांत माझ्यासमोरून मूस चालत गेला. घोड्याहून उंच जनावर हो, डोक्यावर दोन फावडी लावल्यासारखी शिंगं, तो मला दिसला नाही? दिसला की! पण वडिलांच्या रायफलीला दुर्बीण नाही. पुढे टोक, मागे खाच, आणि दोन्ही एका रेषेत आणायचं. आता ह्या डोळ्यांना टोक दिसलं तर खाच दिसत नाही, खाच दिसली तर टोक दिसत नाही, आणि मरमरून दोन्ही दिसलं तर तोवर मूस शेजारच्या तालुक्यात!

तेव्हा गेल्या साली कालेर्वो माझ्याजवळ आला, धोंड्याकडे पाहिलं, मग जंगलाकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. पण मला कळलं! पुन्हा मूस गेला तर धोंडा गेला, आणि मी हाकाऱ्यांच्या रांगेत. म्हणजे बुटात पाणी भरून, झुडपांतून ‘हो… हो… हो…’ ओरडत दिवसभर चालायचं, आणि शेवटी गोळी दुसऱ्या कुणी झाडायची. ह्या वयात! वडिलांची जागा माझ्या हातून जायची आणि गावात विचारणार, ‘धोंड्यावर कोण?’ झोप उडाली हो माझी.

मग आला जावई. ईतू. रायफलीच्या कारखान्यात नक्षे काढतो. पोरगा गुणी आहे, वाईट एक शब्द बोलणार नाही, पण सासऱ्याशी काय बोलावं हे त्याला कळत नाही, म्हणून तो रायफलीबद्दल बोलतो. सॉनात शेजारी बसलो आहोत, अंगावर दोघांच्याही काही नाही, वाफेने श्वास कोंडतोय, आणि हा सांगतोय, ‘बाबा, हिच्या बोल्टला तीन दात आहेत.’ मी म्हटलं, ‘माझ्याही तोंडात साधारण तेवढेच.’ हसला नाही! ‘तीन दात असल्यामुळे बाबा, मूठ थोडीशीच उचलावी लागते, दुर्बिणीला बोटं घासत नाहीत.’ बरोबर आहे हो त्याचं. काडतूस आतबाहेर सारणारा तो बोल्ट, वडिलांच्या रायफलीत त्याची मूठ उचलायची म्हणजे कोपर शेजारच्याच्या नाकात. ही? नुसतं बोटाने उचललं, मागे ओढलं, पुढे सारलं, लोण्यातून सुरी! मला तर काडतूस बाहेर पडलं की नाही हे वाकून बघावं लागायचं.

आणि दस्ता? लाकडाचा नाही, कार्बनचा. ‘पावसात फुगत नाही बाबा, थंडीत आकसत नाही.’ वडिलांचा दस्ता बर्चच्या लाकडाचा, पावसात फुगायचा, आम्हीही फुगायचो, आमचं बरं जमायचं. ह्याच्यावर गाल टेकवायला एक उशीसारखा तुकडा, बटण दाबलं की वर, पुन्हा दाबलं की खाली. माझा गाल हातात धरून ईतूने माप घेतलं! आयुष्यात माझ्या गालाची एवढी काळजी कुणी केली नव्हती, माझ्या बायकोने, राइलीने, लग्नाआधीसुद्धा नाही. चाप किती हलका हवा तेही स्क्रू पिळून ठरवायचं. ‘हलका ठेवू की मध्यम?’ जसं काही कॉफीच विचारतोय. नळीच्या तोंडाला सायलेन्सर, कान वाचावेत म्हणून. आता ह्या गावात ऐकायला आहे काय, की कान वाचवायचे? पण ठीक आहे. वर दुर्बीण, आत लाल ठिपका, ठिपका मुसावर ठेवा आणि चाप ओढा, टोक नको, खाच नको. मला अंधाऱ्या दुपारीसुद्धा समोरच्या झाडावरची खार दिसली! तुम्हाला सांगतो, नावं ठेवायला जागाच नाही.

राहता राहिलं मॅगझिन. काडतुसांची ती पेटी हो, खालून बसते. तिच्यावर ईतूचा भारी जीव. म्हणाला, ‘बाबा, लोकांची तक्रार असते की जंगलात फांदी लागून कळ दाबली जाते आणि मॅगझिन चिखलात पडतं. म्हणून आपण काय केलं? नुसती कळ दाबली तर निघणारच नाही! आधी तळहाताने वर ढकलायचं, आणि ढकललेलं असतानाच कळ दाबायची. तरच हातात येतं.’ मी म्हटलं, ‘वा!’ ‘आणि बाबा, बसताना आधी टिक असा आवाज यायचा. मुसाचे कान फार तिखट. दोन वर्षं मी त्या टिकमागे होतो. शेवटी घालवला.’ हे सांगताना पोराचा आवाज कापला हो! मी त्याच्या पाठीवर थोपटलं, घामेजलेल्या पाठीवर. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तो जावई मुलासारखा वाटला.

घेतली रायफल. घरी येऊन राइलीला म्हटलं, ‘आता वडिलांची जुनी विकून टाकू.’ राइली बटाटे सोलत होती. म्हणाली, ‘नको.’ संपलं. ह्या ‘नको’मागे काय होतं ते मला कधी कळावं? नेमबाजीच्या चाचणीच्या दिवशी! दर मोसमाआधी द्यावी लागते, पुठ्ठ्याच्या मुसावर गोळ्या मारायच्या. मी रांगेत उभा, पुढच्या माणसाच्या खांद्यावर माझ्या वडिलांची रायफल! मी म्हटलं, ही इथे कशी? पुढचा माणूस वळला तर राइली. ‘तू?’ ‘हं.’ ‘शिकारीचा परवाना?’ ‘काढला.’ ‘केव्हा?’ ‘वसंतात.’ घरात एका टेबलावर जेवतो हो आम्ही! त्याच रायफलीवर स्वतःच्या नावानेही परवाना काढून घेतला, परीक्षा दिली, मी तेवढा वेळ काय करत होतो? बोलत असणार. आणि पुठ्ठ्याच्या मुसाला तिने अशा गोळ्या लावल्या, एकावर एक, की कालेर्वोने टोपी काढून डोकं खाजवलं.

पण मला काळजी नव्हती. का? कारण कालेर्वोने तिला उभं केलं जुन्या दूध-ओट्यापाशी. पूर्वी तिथे गावाचे दुधाचे कॅन ठेवायचे, आता कॅन गेले, नुसता मोडका ओटा उरलाय. तिथे मूस कधी येत नाही. नव्या माणसाला तिथेच उभं करतात, म्हणजे त्याला थंडीची सवय होते आणि कुणाला त्रास होत नाही.

तर तो दिवस. धोंड्याला पाठ टेकली, रायफल हातात, गालाखाली उशी, सगळं मापात. हाका सुरू झाला, लांबून ‘हो… हो…’ ऐकू येतंय, वॉकीटॉकी गप्प, थंडी अशी की मिशीवर बर्फ. आणि मला कॉफीची तल्लफ आली. आता तुम्ही असं बघू नका! अख्ख्या फिनलंडमध्ये असा माणूस दाखवा, जो थर्मास पाठीवर असताना कॉफी न पिता उभा राहील. पण वडिलांची शिस्त होती, हातात कॉफी तर बंदुकीत काडतूस नाही. वडिलांच्या धोंड्यावर उभं राहून वडिलांची शिस्त मोडू? बोल्ट उघडला, काडतूस काढलं, मॅगझिन वर ढकललं, कळ दाबली, अलगद हातात. काय सुरेख येतं हो! खिशात ठेवलं. कॉफी ओतली. पहिला घोट घेतला आणि वर पाहिलं, तर समोर मूस.

उभा! आडवा! दगड मारला तर लागेल एवढ्यावर! वडिलांना असा मिळाला असता तर त्यांनी आधी टोपी काढली असती. कप शेवाळात ठेवला, खिशातून मॅगझिन काढलं, खालून बसवलं. आवाज नाही. आता बसलं की नाही? वडिलांची रायफल भरली की खटॅक व्हायचं, दलदलीच्या पलीकडे कळायचं की एन्सिओचा बाप तयार झाला. हिचा आवाज तर जावयाने दोन वर्षं खपून घालवलेला! म्हणून खात्री करायला मी काय केलं? खालून तळहाताने जरा वर ढकललं. बसलंय ना म्हणून. आणि बोट नेमकं कुठे? कळीवर! अलगद हातात. काय सुरेख येतं! पुन्हा बसवलं. आवाज नाही. बसलं का? ढकलून पाहिलं… हातात! मूस बघतोय. तुम्हाला सांगतो, त्याने मान तिरकी केली. बसवलं, ढकललं, हातात! बसवलं, ढकललं, हातात! घाम फुटला हो त्या थंडीत, तोंडात शब्द मावेनात, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, ‘एक मिनिट हं!’

मुसाला!

तो घाबरलासुद्धा नाही. घाबरून पळाला असता तर माझी काही अब्रू राहिली असती. वळला, आणि आपला सावकाश चालत गेला, दूध-ओट्याकडे. आयुष्यात कुठला मूस तिकडे गेला नव्हता! आणि मग… धाड! सायलेन्सर नाही ना वडिलांच्या रायफलीला, चर्चच्या काचा हादरल्या. वॉकीटॉकीवर कालेर्वो, ‘कोण?’ राइली, ‘मी.’ ‘पडला?’ ‘हं.’ एवढ्यावर आमच्या गावातली सर्वांत मोठी बातमी संपली. कालेर्वोने फरच्या झाडाची डहाळी मोडली, मूस पाडणाऱ्याचा मान म्हणून राइलीच्या टोपीत खोचली. मग माझ्याकडे आला, शेवाळातला कप बघितला, कॉफीवर साय धरली होती. आणि ते दोन शब्द बोलला, वॉकीटॉकीवरचे मी मोजत नाही. ‘एन्सिओ. हाकाऱ्यांत.’

धोंडा कुणाकडे गेला ते सांगायला नकोच. जिने मूस पाडला तिच्याकडे. जुन्या रायफलीसह. वडिलांचं सगळं आता राइलीकडे आहे, मी सोडून.

ईतूचा लगेच फोन. ‘बाबा, मॅगझिन कसं वाटलं?’ आता काय सांगू? ज्या पोराने दोन वर्षं एका टिकमागे घालवली, त्याला सांगू की तो टिक असता तर मी आज धोंड्यावर असतो? म्हटलं, ‘उत्तम. नावं ठेवायला जागा नाही.’ तेवढ्यावर पोरगं खुललं! म्हणालं, ‘बसलंय का ते ढकलून नाही हं बघायचं बाबा, खाली ओढून बघायचं. पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे.’ पहिल्याच पानावर! मी पुस्तिका शेकोटी पेटवायला घेतली होती, आणि कागद सुरेख पेटला हो, पुस्तिकेलाही नावं ठेवायला जागा नाही.

आणि आज सकाळी, इथे यायला निघालो तर राइली दारात उभी. आणि बोलली! अख्खं वाक्य! लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हा नुसतं ‘हं’ म्हणाली होती, ती म्हणते, ‘एन्सिओ, धोंड्यापाशी वारा फार लागतो म्हणतात, तुझी लोकरीची लांब चड्डी मला दे, हाकाऱ्यांना काय, चालून घामच येतो.’ मी आत गेलो, चड्डी आणली. दिली. तिने तिथल्या तिथे उजेडात धरून पाहिली, मागून पुढून फिरवली, आणि म्हणाली, ‘गुडघ्याला भोक आहे.’

आलं बघा सूप, घ्या, घ्या लवकर… मला घरी जाऊन ठिगळ लावायचंय.