निम्म्या उजेडातली साक्ष

"हॅलो?… कोण, आत्या? अहो, ग्रामसभेत बसलोय…"

उत्तरेश्वर त्या गावात नळाला पाणी सोडायचा आणि रस्त्यावरचे दिवे सांभाळायचा. सरपंच राजेश्वरीताईंना विचारून त्यानं आठ दिवस रात्री अकरा ते पहाटे चार दिवे निम्म्यावर आणले होते. वीज वाचते का, आणि कुणी ओरडतं का, ते बघायला. गावाला सांगितलं आज. लगेच शंभू उठला: निम्म्या उजेडात माणूस ओळखू येत न्हाय, चोरांचं फावतंय, याला आधी दिव्यांच्या कामावरून काढा. माना डोलायला लागल्या होत्या, आणि नेमका धुरपदाआत्याचा फोन आला.

आत्याला ऐकू कमी. म्हणून तिचं बोलणं कळलं हे सांगायला उत्तरेश्वर प्रत्येक शब्द मोठ्यानं परत म्हणायचा. गुडघ्यापायी तिला झोप नव्हती. रात्र सगळी खिडकीत.

"व्हय, दिवे बारीक केलेत… आठ दिवस झाले… तुम्हाला कळलंच न्हाय? सगळं दिसतंय?… काय काय दिसतंय?"

सभेचे कान फोनकडे लागले.

"युवराज… कचऱ्याची बादली… शेजाऱ्याच्या दारात. निळी? हां, निळी."

युवराज छताचे पत्रे मोजू लागला.

"दत्तोपंत गुरुजी… खांबाखाली उभं राहून पेढे… किती, पाच? अहो, पण त्यांना शुगर हाय ना…"

गुरुजींच्या प्रेमलाबाईंनी सावकाश मान वळवली.

"आणि मंगळवारी दीडला… चपला हातात घेऊन?… चौकटीचा शर्ट… आत्या, नाव जरा मोठ्यानं…"

"निम्मे दिवे मंजूर," शंभू म्हणाला. चौकटीच्या बाहीतला हात वर गेला. पाठोपाठ सगळ्या गड्यांचे गेले. युवराजनं तर दुरुस्ती मांडली: वीज वाचवायचीच तर निम्मी कशाला, धुरपदाबाईंच्या गल्लीतले दिवे अकराला पुरतेच बंद करावेत. शंभूनं अनुमोदन दिलं.

"आत्या, ऐका ना… मंजूर झालं. निम्मे न्हाय, तुमच्या गल्लीत आता पुरता अंधार… व्हय, पुरता… काय आणू? बॅटरीचे सेल?… मोठे. बरं, चार आणतो… ठेवू?"

त्यानं फोन खिशात टाकला. शंभूचा हात केव्हाच खाली आला होता.

"निम्मेच लिहा, ताई," तो म्हणाला. "गावाला थोडा उजेड पायजेच."