मंदारचं हेल्मेट

माझा मित्र मंदार, त्याच्या पॅराग्लायडिंगच्या सामानाचं पुढे काय झालं, ते तुम्हाला सांगितलंच नाही मी. आयटीतला पहिला बोनस त्याने त्यातच घातला होता. दर रविवारी कामशेतला उडायला जायचा. निघताना त्याच्या आईची, म्हणजे काकूंची, दारातच उलटतपासणी.

"पट्टे नीट बांधशील ना? जादाचं पॅराशूट घेतलंस? हेल्मेट?"

"अगं आई, तिथे हेल्मेटशिवाय उडूच देत नाहीत."

आणि गेला कसा, तर सोमवारी सकाळी हिंजवडीला ऑफिसला जाताना, स्कूटर घसरून.

वर्षभर ती बॅग काकूंच्या डोळ्यांसमोर होती. शेवटी मीच एक गिऱ्हाईक आणलं, माझ्या ऑफिसातला नवा मुलगा. काकूंच्या मुलाचं सामान विकायचंय, एवढंच त्याला सांगितलं होतं. त्याने हॉलमध्ये तो भलामोठा कापडी पंख पसरला, कापडाला तोंड लावून फुंकर मारली, हवा आरपार जात नाही ना ते पाहिलं. पट्टे ओढून पाहिले. मग हेल्मेट हातात घेऊन म्हणाला, "काकू, हे घालून ते कधी पडले होते का? एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरत नाहीत."

काकू म्हणाल्या, "नाही. तो पडला तेव्हा हे इथेच होतं, खुंटीला."

"मग उत्तमच," तो म्हणाला.

मी त्याला सोडायला खाली गेलो. त्याने बॅग पाठीला लावली, हेल्मेट बाइकच्या आरशाला अडकवलं आणि बोडक्या डोक्याने निघून गेला. काकू वर गॅलरीत उभ्या होत्या.