अयोध्या सिस्टरांचा पाय आणि अप्पांची सुई

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नळदुर्गच्या दवाखान्याचे डॉक्टर शिवकुमार सर, प्रमुख पाहुणे, आमच्या गावचे सरपंच बलभीम अण्णा, ज्यांच्यासाठी आज हे समाजमंदिर भरलंय त्या सत्कारमूर्ती अयोध्या सिस्टर, दवाखान्यातला सगळा स्टाफ, आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो,

मी युवराज. धुळाप्पा मेंढपाळाचा थोरला. आठवीतनं शाळा सोडली, त्यामुळं माझ्या बोलण्यात अलंकार वगैरे सापडायचे नाहीत. आधी बोअरच्या गाडीवर होतो, मग राजस्थानात पुलाच्या कामावर, आता कांडला बंदरावर ट्रेलर चालवतो. आई म्हणते, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. खरंय ते. पण आज मला दुसऱ्याच एका पायाविषयी बोलायचंय.

अयोध्या सिस्टर पायाळू आहेत, हे या सभागृहात कुणाला माहीत नाही? जन्मताना डोक्याआधी त्यांचे पाय बाहेर आले. आपल्याकडं पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. सिस्टर परकरात होत्या तेव्हापासून त्यांना घरोघर बोलावणं यायचं. एवढीशी पोरगी, पण मोठमोठे बाप्ये तिच्यापुढं पालथे! सरपंच हसायलेत. अण्णा, तुमच्याही पाठीवर पडलाय ना तो पाय?

तर गोष्ट गेल्या थंडीतली. ओढ्यात अडकलेली मेंढी उचलताना आमच्या अप्पांच्या कमरेत कळ आली, ती डाव्या पायातनं पार घोट्यापर्यंत उतरली. उभं राहवेना, बसवेना. गोळ्या झाल्या, शेक झाला, दवाखान्यात व्यायाम सांगितला तर कळ तो करू देईना. आईनं फोन केला, "अरं, तुझा बाप वाकडा झालाय." मी रजा काढून आलो, तर अप्पा भिंतीला धरून लंगडत होते. सगळं शिवार पायाखाली घातलेला माणूस, त्याला परसाकडला न्यायला आम्ही दोघं लागायचो.

सरांनी मशिनवरचा फोटो दाखवून सांगितलं, "दोन मणक्यांमधली गादी सरकलीय, तिनं पायाकडं जाणारी नस दाबलीय. नसेला सूज आहे. आता मणक्यापाशी सुई देऊन सुजेवरचं औषध सोडू. नसेत नाही, नसेच्या शेजारी."

अप्पा म्हणाले, "शेजारी सोडायचं तर शेजाऱ्याला इचारलं का?"

सर हसले. मी मात्र औषधाचं नाव विचारलं आणि सर म्हणाले, स्टिरॉइड. आता मी राहतो बंदरावर. तिथली तालमीतली पोरं दंड फुगवायला काय काय टोचून घेतात ते मी बघितलेलं. मी एकदम म्हणालो, "सर, आमच्या अप्पाला या वयात पैलवान करताय का?" सगळा दवाखाना हसला. सरांनी समजावलं, ते औषध वेगळं, हे वेगळं. हे सूज उतरवतं. आणि सरांची एक गोष्ट मला आवडली. ते म्हणाले, "शंभर टक्के बरं होईल असं मी म्हणणार नाही. कुणाला लई दिवस आराम पडतो, कुणाला थोडे दिवस. पण कळ कमी झाली तर व्यायाम करता येईल. ही सुई तेवढी सवड मिळवून देते."

पण अप्पा ऐकतील तर ना! गावात आमचे बंडप्पा तात्या आहेत. तात्या, तिथं मागं तोंड लपवू नका. तात्यांनी सांगून ठेवलेलं, "मणक्यात सुई घेतलेला माणूस पुन्ना मेंढरामागं गेलेला म्या तर बघितला न्हाय." झालं! हयातभर मेंढरांना सुया टोचलेला माणूस, पण स्वतःच्या पाठीत सुई म्हटल्यावर दाराची चौकट सोडेना. म्हणाले, "सुई नको. अयोध्येला बोलवा. पाय लाव म्हणावं."

मी शरमलो. दवाखान्यातल्या सिस्टरला हे कसं सांगायचं? पण अप्पांचं बोलणं कानावर गेलं तशा सिस्टर स्वतःच आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, उसण येगळी आन् दबलेली नस येगळी. माझ्या पायानं नस सुटणार न्हाय, हे मी आधीच सांगते. पण तुमाला धीर येत असंल तर पाय देते."

अप्पा म्हणाले, "धीरच तर पायजे, पोरी. बाकीचं डॉक्टर करतील."

सुईच्या दिवशी, सरांची परवानगी काढून, थिएटरच्या दाराबाहेर सिस्टरांनी चप्पल काढली आणि डावा पाय हलकेच अप्पांच्या पाठीला लावला. आणि लगेच वाकून अप्पांच्या पाया पडल्या. वडीलधाऱ्याला पाय लागला म्हणून. अप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी हे लांबनं बघितलं, आणि मला तिथं उभं राहवेना. मी रस्त्यावर जाऊन ट्रकांचे नंबर वाचत बसलो.

आत काय झालं ते मला नंतर अप्पांनीच सांगितलं. पालथं झोपवलं, जागा बधिर केली, फोटोच्या मशिनमध्ये बघत सर सुई घालत होते. मशिनची किरणं लागू नयेत म्हणून घालतात तो शिशाचा जड कोट अंगात घालून सिस्टर डोक्यापाशी उभ्या. हाच कोट वागवून वागवून त्यांची स्वतःची मान धरलीय, बरं का. आता तरी मानेला विश्रांती द्या, सिस्टर. तर त्यांनी विचारलं, "मामा, मेंढरं कुठनं नेता चारायला?" अप्पा निघाले की सांगत! माळावरनं, बाभळीच्या बनातनं, बोरी नदीपर्यंत आले. तेवढ्यात सर म्हणाले, "झालं." आणि अप्पा ओरडले, "आवं थांबा, मेंढरं अजून पाण्यात हायती!"

दोन-चार दिवसांनी पायातली कळ उतरायला लागली. पुढं व्यायाम जमायला लागला. होळीला अप्पा मेंढरांमागं होते. बंडप्पा तात्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

आता खरं बोलायची वेळ आली. टाळ्यांच्या नादात ते राहून जाईल.

अप्पांची कळ परत आलीय. पहिल्याएवढी नाही, पण आलीय. सरांनी तपासलं आणि सांगितलं, मधे पुरेसे दिवस गेलेत, आणखी एकदा देऊ. येत्या सोमवारी. अप्पा नाही म्हणतात. म्हणतात, "अयोध्या लेकीकडं पुण्याला चालली. मंग म्या कुणाच्या भरवशावर पालथा पडू?"

काल मी सिस्टरांच्या घरी गेलो. म्हटलं, एवढ्या एका सोमवारासाठी थांबता का? सिस्टरांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "थांबले असते रे. पण ह्या खेपंला थांबंन, पुढच्या खेपंला? पाय माझा होता, युवराज, पण मामाची नजर सारखी दाराकडं होती. तू कुठं गेलतास?"

मी कप खाली ठेवला आणि तिथनंच बंदरावरच्या मुकादमाला फोन लावला.

म्हणून अध्यक्ष महाराज, आपल्याला या माइकवरनं विचारतो. सोमवारी मला आत उभं राहू द्याल का? तो शिशाचा कोट मी घालीन, सांगाल तिथं उभा राहीन, कशाला हात लावणार नाही. … सरांनी मान डोलावली. सगळ्यांनी बघितली ना?

अप्पा, रविवारची कांडल्याची गाडी मी सोडून दिली. मुकादमाला फोन झालाय. मी पायाळू नाही, माझ्या पायात काही गुण नाही. पण सोमवारी तुमच्या डोक्यापाशी मी उभा राहणार, आणि तुम्ही उठून बसेपर्यंत हलणार नाही. येताय का?

काय म्हणता? मोठ्यानं म्हणा, अप्पा, माइक नाही तुमच्याकडं.

… ऐकलं का मंडळी? अप्पा म्हणतात, "तुझ्या आईला सांग, सोमवारी सकाळी माझी भाकरी थापू नको. तिथं उपाशी जावं लागतंय."

सिस्टर, डोळे पुसू नका, नाहीतर मलाही पुढचं वाचता यायचं नाही. पुण्याला सुखानं जावा. तुमच्या पाठवणीत आमच्या घरचं बोलणं मधे आणलं, त्याबद्दल रागावू नका. संयोजकांनी माझ्यासारख्याला माइक दिला, मंडळींनी ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. कुणाची चेष्टा जास्त झाली असेल तर पोटात घाला, बंडप्पा तात्या, तुम्ही तर आधी. कुणाला कमी-जास्त बोललो असेन तर लेकरू समजून माफ करा, आणि सिस्टरांसाठी एकदा उभं राहून टाळ्या होऊ द्या. अप्पा, तुम्ही बसूनच वाजवा.