भाच्याच्या डोळ्यांत काय दिसलं

हॅलो?… हॅलो, कोण?… दवाखाना आज बंद आहे. डोळा आला असेल तर उद्या घेऊन या… कोण?… अगं, तू होय! मग तसं सांग ना. बहिणीचा नंबर ओळखतो मी, पण दिसला तर ओळखणार. चष्मा लावूनही दिसेना. सकाळपासून सगळं पांढरंफटक. पेपर नुसता उलटसुलट केला आणि ठेवला. पडदे ओढून बसलोय… वय गं, दुसरं काय. डोळ्यांचा डॉक्टर झालो म्हणून डोळे म्हातारे व्हायचे थांबतात थोडेच!

काय?… हळू बोल… लग्नाला हो म्हणाली? कोण हो म्हणाली?… ती? आपल्या चिरंजीवांना?… अगं, पण परवापर्यंत तीच म्हणत होती ना, की तुमच्या मुलाशी बोलणं म्हणजे बंद दुकानासमोर उभं राहणं… हो, हो, माझाही भाचाच आहे तो, मी कशाला नावं ठेवू? पण घराला आग लागली तरी हा ‘जरा उकडतंय’ एवढंच म्हणेल… बरं, राहिलं. मग ही पालटली कशी?

काल संध्याकाळी? कॉफी प्यायला गेले तेव्हा… डोळ्यांत पाहिलं तिनं. बरं… त्याच्या बाहुल्या? एवढ्याल्या झाल्या होत्या?…

…

आहे, आहे. ऐकतोय. आनंदानं वाचा बसली… हो गं, माहीत आहे ती काय करते. प्रयोगशाळेत माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवते आणि त्यांच्या बाहुल्या मोजते. अवघड गणित घातलं की बाहुली मोठी, जिवाभावाचं माणूस दिसलं की मोठी. आमच्याच धंद्याची चुलत बहीण… खरं आहे ते. जीभ आवरता येते, बाहुली नाही… काय म्हणाली? ‘तोंडानं नाही, पण डोळ्यांनी सगळं बोलून गेला’?… अरे देवा.

नाही, ‘अरे देवा’ आनंदाचंच होतं… अगं, ऐक. ऐक ना! काल दुपारी तो कुठे होता ठाऊक आहे तुला?… ऑफिसात नव्हता. माझ्याकडे होता, चष्म्याचा नंबर तपासायला. म्हटलं, आलाच आहे तर पडदाही बघू… खिडकीचा नाही गं! डोळ्याचा, आतला. त्यासाठी थेंब घालतात, बाहुली मोठी करायचे. दोन्ही डोळ्यांत घातले, बाकावर बसवलं, म्हटलं अर्ध्या तासानं बघतो. बघतो तर बाक रिकामा! साहेब कॉफीच्या घाईत पसार… म्हणजे काय ते कळतंय ना तुला? ते प्रेम नव्हतं. माझे थेंब होते. त्या अवस्थेत त्यानं साखरेच्या भांड्याकडे पाहिलं असतं ना, तर भांडंसुद्धा हो म्हणालं असतं.

अगं, रडू नकोस… रडू नकोस म्हटलं ना… पण सांगावं तर लागेल तिला… गप्प कसा बसू? पोरीनं होकार द्यायचा मुलाला आणि पदरात पडायची बाटली?… लग्नानंतर आपोआप होईल? काय होईल? रोज सकाळी थेंब घालायला मी येऊ का तुझ्याकडे?… भाऊ आहे म्हणूनच सांगतोय. खोट्यावर घर उभं राहत नाही. सत्य ते सत्य. दे तिचा नंबर, मीच बोलतो…

काय?… तिनं खात्री करून घेतली? कशी?… गणित घातलं? कॉफी पिताना? सतरा गुणिले चोवीस… आणि यानं?… निम्म्यात सोडून दिलं. शोभतो आपल्या घराण्याचा!… आणि बाहुली?… मोठी होत गेली, आणि सोडून दिल्यावर पुन्हा लहान? थांब. ‘लहान झाली’ असं म्हणाली ती?… हो हो, पुढे सांग… मोबाइलची बॅटरी मारली? त्याच्या डोळ्यांवर?… अच्छा, तिथं अंधारामुळे तर मोठी दिसत नाही ना, म्हणून. सवय तिची. मग?… मोहरीएवढी झाली? नक्की मोहरीएवढी?… आणि बॅटरी बंद करून ही हसली, तर पुन्हा मोठी. आधीपेक्षा मोठी.

अगं, मग रडतेस काय! पूस डोळे! थेंब पडलेली बाहुली हलत नाही. गणित घाला, शिव्या घाला, समोर सूर्य आणून ठेवा, उघडी ती उघडीच. म्हणजे थेंब त्याला लागलेच नाहीत. जे काही होतं ते त्याचं स्वतःचं होतं… हो, तुझ्याच मुलाचं. मलाही धक्काच आहे.

पण मग मी घातलं काय त्याच्या डोळ्यांत?… घरी आहे का तो? विचार, थेंब झोंबले का… काय म्हणतो?… ‘गार वाटलं.’ हं… नाही गं, ते गार नसतात, चांगले झोंबतात. अगं, माझे डोळे कोरडे पडतात ना, म्हणून मी एक बाटली खिशात ठेवतो. तसलीच, पांढरी, एवढीशी. हाताळून हाताळून दोन्हींवरची अक्षरं पुसलीयत. तीच घातली असणार. निरुपद्रवी. डोळ्यांना पाणी पाजल्यासारखं.

दुसरी?… दुसरी कुठे जाणार… थांब, खिशात बघतो…

…

काल रात्री जेवायच्या आधी घातले मी. झोंबले, तर म्हटलं धूळ गेली असेल. आज सकाळी पुन्हा घातले… हसू नकोस… हसायचं काय त्यात? तीस वर्षांचा अनुभव आहे मला!… तरीच पेपर पांढरा! तरीच पडदे!… अगं, ते उतरेल रात्रीपर्यंत. पण तुझ्या वहिनीचं काय करू?

अगं, रात्री जेवताना ती माझ्याकडे बघून थबकली. ‘काय हो, असं काय बघताय?’ मी म्हटलं, ‘कुठे काय.’ तर चक्क लाजली… मीठ शोधत होतो मी! आज न मागता दुसऱ्यांदा कॉफी आली. अंगावर ठेवणीतलं निळं आहे. स्वयंपाकघरात गाणं चाललंय, दोन्ही कडवी.

सांगू तिला? वेड लागलंय का तुला?… सत्य? ते मी त्या पोरीबद्दल म्हणत होतो. तिचं लग्न व्हायचंय, माझं होऊन गेलंय… खोट्यावर घर नाही गं, घर कधीचं उभं आहे, हा नुसता रंगाचा हात… हे बघ, तू तोंड उघडायचं नाहीस. मीही तुझ्या सुनेला बाकाचं, थेंबांचं काही बोलणार नाही… थेंब उतरल्यावर? बघू. भाच्याला बिनथेंबाचं जमलं, मामाला नाही जमणार?

श्शू… आली… काही नाही, बहिणीचा फोन आहे. आपल्याकडे लग्न ठरलं… पडदा नको गं, असू दे… अगं, नको म्हणतोय ना… सरकवलास!

नाही, रडत नाहीये… बरं, हो. आनंदाचंच पाणी आहे… तू अशी ये. खिडकीसमोर उभी राहा, इथे, उजेडाला आड… हां. आता दिसलीस… नाही, खरंच. छान दिसतंय निळं…

हॅलो?… अजून ऐकतेयस तू? लाज नाही वाटत? ठेव तो फोन!